आधी धागा, मग दुकान: नागपुरात पार्लरचे काम शिकायला निघालेल्यांसाठी

दहावी-बारावीच्या परीक्षा आटोपल्या की माझ्या नंदनवनातल्या पार्लरमध्ये दरवर्षी एकच संवाद घडतो. एखादी आई मुलीला घेऊन येते आणि म्हणते, "मॅडम, हिला तीन महिन्यांत सगळं शिकवून द्या न. मग आम्ही घरीच टाकतो पार्लर." मुलगी तोवर मोबाईलवर नवरीच्या मेकअपचे व्हिडिओ पाहत असते. मी तिच्या हातात धाग्याची रीळ देते आणि सलवार गुडघ्यापर्यंत वर घे म्हणते. आई माझ्याकडे अशी बघते की बाईचं डोकं ठिकाणावर आहे न?

त्या आईला मी दारात उभ्या उभ्या जे सांगू शकत नाही, ते इथे सावकाश सांगते.

हौस की पोटापाण्याचे काम?

हे आधी ठरवा. दोन्हींचे सामान वेगळे, दोन्हींचा वेळ वेगळा. हौस असेल तर मेंदी, नेल आर्ट आणि लहान मुलांचा मेकअप यांपासून सुरुवात करा. आपल्याकडे तान्हा पोळा आहेच. लाकडी नंदीबैल घेऊन निघालेल्या पोरांना कृष्ण, शिवाजी महाराज, शेतकरी करायला गल्लीत कुणीतरी लागतेच. त्यानंतर शाळांची गॅदरिंग येतात. मुलांच्या चेहऱ्यावर हात चालवायची याहून चांगली संधी नाही, कारण पोरं एक मिनिट स्थिर बसत नाहीत आणि आयांना निकाल लगेच हवा असतो. हौस असली तरी सामानाचे पैसे मात्र घ्याच. मी पहिली दोन वर्षे सगळ्या नातेवाइकांच्या हातांवर फुकट मेंदी काढली. तिसऱ्या वर्षी कोनाचे पैसे मागितले, तर एक आत्या अजून बोलत नाही.

धंदा करायचा असेल तर घरच्यांना आधी एक गोष्ट सांगून ठेवा. ज्या दिवशी सगळ्यांना सुट्टी, त्या दिवशी तुम्हाला सर्वांत जास्त काम. महालक्ष्म्या, नवरात्र, धनत्रयोदशी, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतची हळदीकुंकवे या दिवसांत तुम्ही सकाळी दहा ते रात्री नऊ पायांवर उभ्या असता. स्वतःच्या घरच्या चकल्या बहुतेक विकतच्याच असतात. पोटऱ्यांच्या शिरा फुगणे आणि मान धरणे ही या कामाची दुखणी आहेत. खुर्ची वर-खाली होणारी घ्या, म्हणजे वाकावे लागत नाही. आरसा स्वस्तातला चालेल, पण खुर्चीत पैसे वाचवू नका.

धागा

आता त्या रिळीकडे येऊ. पार्लरमधली सर्वांत छोटी आणि सर्वांत अवघड सेवा म्हणजे आयब्रो, म्हणजे धाग्याने भुवया कोरणे. हात बसायला तीन-चार महिने सहज जातात, आणि तेही रोज सराव केला तर.

पहिले पंधरा दिवस माणसाला हात लावायचा नाही. धाग्याचा फास करून बोटे उघडझाप करायची, पीळ इकडून तिकडे सरकवायचा. टीव्ही बघत करा, भाजी शिजेपर्यंत करा. बोटांच्या सांध्यांवर धाग्याच्या रेघा उमटतात, एखाद वेळी कापतेही. मग स्वतःची पोटरी. तिथले केस दूरदूर असतात आणि चुकले तरी लग्नात फोटो येत नाही. पावडर लावा, त्वचा ताणा आणि केस ज्या दिशेने उगवतात त्याच्या उलट दिशेने पीळ सरकवा. त्वचा ढिली राहिली की ती पिळात सापडते आणि खरचटते. म्हणूनच गिऱ्हाइकाला एक हात भुवईच्या वर आणि एक पापणीवर ठेवून ताणून धरायला सांगतात. अप्पर लिप करताना जीभ आतून लावायला सांगायची.

धाग्याचे टोक दातात धरायची पद्धत जुनी आहे. मी तशीच शिकले, पण आता माझ्या मुलींना करू देत नाही. टोक गळ्यात अडकवून करायला शिका. सुरुवातीला मान अवघडते, पण आपली थुंकी लागलेला दोरा दुसऱ्याच्या डोळ्याजवळ न्यायचा हे कुणालाच बरे वाटत नाही. प्रत्येक बाईसाठी नवा धागा घ्या.

आकार देताना नवशिक्या एकच चूक करतात. उजवी भुवई करतात, डावी तिच्यासारखी करायला जातात, मग उजवी पुन्हा थोडी, मग डावी. दहा मिनिटांनी दोन्ही भुवया दोऱ्याएवढ्या उरतात. माझ्या हातून असे एका होणाऱ्या नवरीचे झाले होते, साखरपुड्याच्या आदल्या दिवशी. ती रडली नाही, मी मात्र दुकान बंद करून रडले. तेव्हापासून आधी पेन्सिलीने दोन्हींवर रेघ काढते, गिऱ्हाइकाला आरसा दाखवते आणि रेघेबाहेरचेच केस काढते. भुवया जुळ्या बहिणी नसतात, सख्ख्या दिसल्या तरी पुष्कळ झाले.

मे महिन्यातला एक खास नागपुरी त्रास म्हणजे कूलर. त्याच्या झोतात पावडर उडते, धागा हलतो आणि गिऱ्हाईक डोळे मिचकावते. खुर्ची झोताच्या तोंडी ठेवू नका. कूलरचा वारा छताकडे वळवा.

शिकायचे कुठे

तीन रस्ते आहेत. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजी हा एक वर्षाचा ट्रेड आहे. दहावी पास लागते आणि प्रवेश राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरून होतो. फी कमी, प्रमाणपत्र सरकारी. पुढे नोकरीसाठी किंवा कर्जासाठी ते कामी येते. आपल्या जवळच्या आयटीआयमध्ये हा ट्रेड आहे का, हे पोर्टलवरच बघून घ्या.

दुसरा रस्ता खासगी क्लासचा. धरमपेठेपासून मानेवाड्यापर्यंत बोर्डच बोर्ड दिसतील. फी विचारण्याआधी तीन प्रश्न विचारा. एका बॅचमध्ये किती मुली असतात? मला स्वतःच्या हाताने किती चेहरे करायला मिळतील? सामान क्लासचे की माझे? "आंतरराष्ट्रीय डिप्लोमा" हा शब्द ऐकून हुरळू नका. सिडेस्को ही ब्यूटीच्या शिक्षणाची, मुख्यालय स्वित्झर्लंडला असलेली १९४६ पासूनची जुनी संस्था आहे. तिच्या डिप्लोमाला बाहेरच्या देशांत आणि मोठ्या हॉटेलांच्या स्पामध्ये किंमत आहे, पण गल्लीतल्या काकूंना आयब्रो करून घ्यायला तो लागत नाही.

इथे एक गल्लत नेहमी होते म्हणून सांगते. एलएडी महाविद्यालयात कॉस्मेटिक टेक्नॉलॉजी शिकवतात, ते क्रीम, शाम्पू, लिपस्टिक तयार करण्याचे शास्त्र आहे. बारावी सायन्सची मुलगी असेल आणि कंपनीत, प्रयोगशाळेत काम करायचे असेल तर तो रस्ता फार चांगला. पण तिथे थ्रेडिंग शिकायला मिळेल या आशेने जाऊ नका.

तिसरा रस्ता मला सर्वांत पटतो: एखाद्या चालू पार्लरमध्ये सहा महिने हाताखाली राहायचे. आधी झाडू, टॉवेल, वॅक्स गरम करणे, मग केस धुणे, मग पेडिक्युअर. पगार नावापुरता मिळेल. पण चिडलेल्या गिऱ्हाइकाशी कसे बोलतात, हे कोणत्याही क्लासात शिकवत नाहीत. शक्य असेल तर आयटीआय आणि संध्याकाळी पार्लर, असे दोन्ही करा.

मुलांनो, तुम्हीही हे वाचत असाल तर या. सलूनमधली कात्रीची सफाई आमच्यापेक्षा तुमच्याकडे जास्त असते, हे मान्य करायला मला लाज नाही. उलट बाजूचीही एक गोष्ट सांगते. मुंबईच्या सिनेसृष्टीत कितीतरी वर्षे संघटनावाले बायकांना कामासाठी लागणारे मेकअप आर्टिस्टचे कार्डच देत नसत, "हेअरड्रेसर व्हा" म्हणायचे. नोव्हेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी मोडून काढली.

वॅक्स, ब्लीच आणि माझी एक चूक

वॅक्स केसांच्या दिशेने लावायचे, पट्टी उलट दिशेने ओढायची, आणि ओढताना हात वर न उचलता त्वचेला समांतर न्यायचा. वर उचलला की केस मधेच तुटतात आणि बाई किंचाळते. आधी आपल्या मनगटावर गरमपणा बघायचा. उन्हाळ्यात अंगावर घाम असतो, म्हणून कोरडे पुसून पावडर लावल्याशिवाय वॅक्स धरत नाही.

आता चूक. सुरुवातीच्या काळात एका ताईंचे मी अप्पर लिप वॅक्स केले आणि त्या लगेच म्हणाल्या, "ब्लीच पण करून टाक." मी केले. दोन मिनिटांत ओठांवरची कातडी लालबुंद झाली आणि दुसऱ्या दिवशी खपली धरली. वॅक्स किंवा धाग्याने त्वचा आधीच सोलवटलेली असते, त्यावर पेरॉक्साइड आणि अमोनिया लावले तर भाजणारच. आज ब्लीच आणि धागा एकाच दिवशी कुणी मागितले, तर आधी ब्लीच, आणि धागा दोन दिवसांनी. गिऱ्हाईक कुरकुरते, कुरकुरू द्या.

डायचेही तसेच. काळ्या हेअर डायमध्ये बहुधा पीपीडी नावाचे रसायन असते आणि काहींना त्याची जबरदस्त ॲलर्जी येते. डोळे सुजून मिटतात. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून ४८ तास थांबायचे. वर्षानुवर्षे तोच डाय लावणाऱ्या बाईलाही अचानक ॲलर्जी येऊ शकते, म्हणून "मला काही होत नाही गं" यावर विसंबू नका. दहा मिनिटांत काळाकुट्ट रंग देणाऱ्या मेंदीच्या कोनातही अनेकदा हेच पीपीडी असते. खरी मेंदी आधी नारंगी उमटते आणि एक-दोन दिवसांनी गडद होते.

डेव्हलपर म्हणजे डायमध्ये मिसळायचे पेरॉक्साइड. त्याच्या बाटलीवरचे आकडे पाठ करा. १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के पेरॉक्साइड, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९, ४० म्हणजे १२. पांढरे केस झाकायला २० पुरते. ४० ला नवशिक्यांनी हात लावू नये.

केस सरळ, मऊ करायचे स्मूदनिंग, केरॅटिन खोली बंद करून करू नका. काही क्रीममधून इस्त्रीच्या उष्णतेने फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते. आणि "फॉर्मल्डिहाइड-फ्री" लिहिलेल्या काहींमध्ये ग्लायॉक्सिलिक ॲसिड असते. त्यामुळे किडनीला इजा झाल्याचे एक प्रकरण २०२४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आहे. डबीवरचे बारीक अक्षर वाचायला चष्मा लागत असेल तर लावा.

आणि नाव-पत्ता नसलेली गोरे करणारी क्रीम. कुणीतरी येऊन सांगेल, "मॅडम, आठ दिवसांत रिझल्ट, मार्जिन पण मस्त." ठेवू नका. २०२३ मध्ये आपल्या अकोल्यातल्या एका घरातल्या बायकांना अशाच क्रीममुळे किडनीचा आजार झाल्याची बातमी होती. क्रीममध्ये पारा निघाला. डबीवर उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक, बॅच आणि तारीख नसेल तर ती डबी दुकानात येताच कामा नये.

स्वच्छता

ब्लेड एका माणसाला एकच. वॅक्सची पट्टी पुन्हा वापरायची नाही, चमचा वॅक्स लावून पुन्हा भांड्यात बुडवायचा नाही. चिमटे, कात्र्या आधी साबणाने धुवायच्या, वाळवायच्या, मग ७० टक्के स्पिरिटमध्ये ठेवायच्या. निळा दिवा असलेली ती यूव्ही पेटी दिसते रुबाबदार, पण तिच्यात घाण हत्यार ठेवले तर ते घाणच राहते. स्वच्छ केलेले ठेवायला ती ठीक.

दाद-नायटा सध्या घरोघरी आहे. वॅक्सच्या आधी हात-पाय उजेडात बघा. गोल लाल चट्टा दिसला तर काम करायचे नाही. "ताई, आधी मेडिकल किंवा मेयोच्या सरकारी दवाखान्यात स्किनच्या डॉक्टरांना दाखवून या, मग मी आहेच" असे हळू आवाजात म्हणायचे, चार जणींसमोर नाही. मधुमेह असलेल्या काकूंच्या पायाची भोवरी कापायची नाही, कितीही आग्रह झाला तरी.

शाम्पूच्या बेसिनवर मानेखाली टॉवेलची घडी ठेवा. मान फार वेळ मागे ताणून ठेवल्याने मेंदूचा झटका (स्ट्रोक) आल्याची प्रकरणे १९९३ पासून डॉक्टरांनी नोंदवली आहेत. वयस्कर बाईंना पुढे वाकवून केस धुतले तरी चालते.

सामान

सुरुवातीला यादी छोटी ठेवा: धागा, चांगली कात्री, वॅक्स हीटर, पट्ट्या, दोन प्रकारची फेशियल किट, डझनभर नॅपकिन, एक खुर्ची. ठोक सामानाला इतवारी, पिना-गजरे-टिकल्यांना बर्डी, म्हणजे सीताबर्डी. इतवारीत एकाच दुकानाला धरून राहा. तीन-चार खेपांनंतर तोच दुकानदार "हा माल नका घेऊ मॅडम, तारीख जवळ आली" असे सांगू लागतो. मोठ्या डब्यांचा मोह टाळा. आपल्या उन्हाळ्यात ४५ अंशांना क्रीम फुटते. लिपस्टिक आणि क्रीम बेस गाडीच्या डिकीत ठेवून लग्नाला गेलात, तर तिथे पोचेपर्यंत सरबत झालेले असते.

नवरी

ब्रायडलला हात घालायचा तो दीड-दोन वर्षांनी, हे माझे मत. आणि नागपूरची नवरी एका साच्याची नसते. पिवळ्या साडीतली, मग शालू-मुंडावळ्यांतली मराठी नवरी. तिच्या कपाळावर मुंडावळ्यांचा दोरा घासतो, म्हणून तिथे बेस पातळ ठेवायचा आणि चंद्रकोर शेवटी लावायची. बौद्ध पद्धतीच्या लग्नात पांढरी साडी असते. पांढऱ्यावर फाउंडेशनचा एक डाग पडला तरी तो अल्बमभर दिसतो, म्हणून गळ्याभोवती कपडा गुंडाळून आधी पूर्ण मेकअप आणि मगच साडी. जरीपटक्याची सिंधी नवरी, मोमिनपुऱ्यातली दुपट्ट्याची नवरी, प्रत्येकीच्या घरच्या बायकांकडून आधी विधी समजून घ्या. कधी डोक्यावरून पदर येणार, कधी डोळ्यांत पाणी येणार, हे कळले की पिना आणि काजळ कुठे पक्के हवे ते कळते.

फाउंडेशन जबड्याच्या कडेला लावून बघा, ट्यूबलाइटखाली नाही तर दारात, उन्हाच्या उजेडात. आपल्याकडे सावळ्या, गव्हाळ मुली जास्त, आणि त्यांना दोन शेड गोरे केले की चेहरा राखेसारखा दिसतो. "थोडी गोरी दिसली पाहिजे" हे सासूचे वाक्य प्रत्येक लग्नात येते. मी "ट्रायलला तुम्हीपण या" म्हणते आणि दोन्ही शेड अर्ध्या अर्ध्या चेहऱ्यावर लावून फोटो दाखवते. नव्वद टक्के वाद तिथेच मिटतात. फ्लॅशमध्ये चेहरा पांढरा पडतो तो बरेचदा वरच्या पांढऱ्या पावडरमुळे किंवा झिंक-टायटॅनियमच्या सनस्क्रीनमुळे. म्हणून ट्रायलचा फोटो फ्लॅश लावूनच काढायचा.

मेमधल्या लॉनवरच्या लग्नात जाड थर टिकत नाहीत. कपड्यात गुंडाळलेला बर्फ फिरवून चेहरा कोरडा करा, पातळ थर द्या, प्रत्येक थर दाबून बसू द्या. कूलर नवरीच्या तोंडावर असेल तर त्याच्या दमट वाऱ्यात पावडर बसतच नाही. तो बाजूला वळवा, नंतर कुणी परत वळवला तर पुन्हा वळवा. गोरज मुहूर्त साडेसहाचा असेल तर उलटी गणती करा: फोटोला साडेपाच, साडी-दागिन्यांना एक तास, केसांना एक तास, चेहऱ्याला दीड तास, आणि लाइट जाईल त्याचा अर्धा तास. म्हणजे दीड वाजता तुम्ही खोलीत हव्या. डब्बा घेऊन जा, जेवायला कुणी विचारेलच असे नाही.

ॲडव्हान्स घेतल्याशिवाय तारीख लिहू नका. वहीत नवरीचे नाव, मुहूर्त, लॉनचा पत्ता, साडीचा रंग, ॲलर्जी, आणि सोबत किती जणी "थोडंसं टचअप" मागणार, तेही लिहा. मावशी, आत्या, मावसबहिणी मिळून ते थोडंसं दोन तासांचे होते. त्याचा दर आधी सांगा.

लग्नांचे काम चातुर्मासात आणि अधिक मासात थंडावते. तेव्हा मेकअपची आवड असणाऱ्यांनी नाटकाकडेही बघावे. दिवाळीनंतर गडचिरोलीकडच्या वडसा-देसाईगंज भागात झाडीपट्टीची नाटके सुरू होतात, रात्रभर चालतात आणि त्यांना रंगभूषा करणारे हात लागतात. लांबच्या प्रेक्षकाला दिसेल असा चेहरा रंगवणे हे वेगळेच शिक्षण आहे.

पैसे, आणि घरातले पार्लर

समजा आयब्रोचे पन्नास रुपये. दिवसाला आठ जणी, महिन्याला सव्वीस दिवस. १०,४०० रुपये झाले, आणि सामानाचा खर्च जवळपास नाही. पण त्यासाठी महिन्याला २०८ वेळा कुणीतरी दार वाजवायला हवे. एक बाई साधारण तीन आठवड्यांनी येते. म्हणजे चालत येण्याच्या अंतरावर दीडशे बायका तुम्हाला ओळखायला हव्यात. म्हणून मी तीन महिन्यांत दुकान टाकणाऱ्या आईला आधी गल्ली मोजायला सांगते. फेशियल, स्पा हे त्या दीडशेतूनच येते.

कर्ज लागलेच तर मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत मिळते. एवढ्यात घरातले पार्लर बसते. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटीची काळजी नको.

घरात सुरू करताना शक्यतो बाहेरून दार असलेली खोली घ्या. बोअरचे जड पाणी असेल तर शाम्पूला फेस येत नाही आणि केस चरचरीत होतात, म्हणून शेवटचे पाणी नळाचे भरून ठेवा. बोर्डवर वेळ ठळक लिहा आणि एक ते चार बंद असेही लिहा. मी लिहिले नव्हते. मे महिन्यात दुपारी अडीच वाजता बेल वाजली, दारात रुमाल बांधून घामाघूम काकू उभ्या, म्हणाल्या, "काय झोपून राहिली का? म्हटलं आता गर्दी नसंल, पटकन आयब्रो करून दे."